ट्रोजन: शिरकाव, सफाई आणि न सुटलेले प्रश्न

मध्य प्रदेशाच्या विजेचा कारभार जबलपूरहून चालतो. रामपूर भागातल्या शक्तिभवनात राज्याच्या वीज कंपन्यांची मुख्य कार्यालये आहेत आणि राज्यभरातली विजेची मागणी व पुरवठा क्षणोक्षणी जुळवणारे भारप्रेषण केंद्रही याच शहरात आहे. मे २०२३ मध्ये इथल्या मध्य प्रदेश पॉवर मॅनेजमेंट कंपनीच्या अंतर्गत संगणक यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि प्रकरण पोलिसांकडे गेले. शहरात गन कॅरेज फॅक्टरी आहे, खमरियाची आयुधनिर्माणी आहे, उच्च न्यायालय आहे, पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे. या सगळ्यांच्या आसऱ्याने टायपिंगची, झेरॉक्सची, ऑनलाइन अर्ज भरून देणारी दुकाने चालतात आणि तिथे दिवसभर लोकांचे पेन ड्राइव्ह आत-बाहेर होत असतात. वीज कंपनीचा संगणक आणि टायपिंगवाल्याचा संगणक यांच्या मोलात मोठा फरक असला, तरी ट्रोजन दोन्हीकडे जवळपास एकाच वाटेने शिरतो.

ट्रोजन म्हणजे एका कामाचे सोंग घेऊन येणारे आणि आत आल्यावर दुसरेच काम करणारे सॉफ्टवेअर. व्हायरस आपल्या प्रती काढत इतर फायलींना चिकटतो, वर्म नेटवर्कवरून आपणहून सरकतो. ट्रोजनला मात्र कोणीतरी दार उघडून द्यावे लागते. बोलताना आपण तिघांनाही ‘व्हायरस लागला’ म्हणतो आणि रोजच्या व्यवहाराला तेवढे पुरतेही.

तो शिरतो कसा, यावर जाणकारांत आज फारसे मतभेद नाहीत. तो पुरता निघाला हे कसे ठरवायचे, निघण्यापूर्वी त्याने काय केले हे कोणी सांगायचे आणि नुकसान कोणी सोसायचे, या तीन प्रश्नांवर मात्र आहेत. पुढचा आढावा त्याच क्रमाने जातो.

पन्नास वर्षांची पार्श्वभूमी

कल्पना वाटते त्यापेक्षा जुनी आहे. अमेरिकी हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी १९७२ साली संगणक सुरक्षेवर अहवाल लिहिला, त्यात ट्रोजन हॉर्स हा शब्दप्रयोग आहे. तेव्हा घरोघरी संगणक नव्हते. एकाच मोठ्या यंत्रावर अनेक माणसे काम करत आणि एकाने लिहिलेला उपयोगी प्रोग्रॅम दुसऱ्याने चालवला, तर तो दुसऱ्याच्या अधिकाराने दुसऱ्याच्या फायली वाचू शकेल, ही अँडरसन यांची चिंता होती. आजच्या ट्रोजनचेही मर्म हेच आहे: तो आपल्या नावाने, आपल्या अधिकाराने चालतो.

युनिक्सचे एक कर्ते केन थॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. मूळ प्रोग्रॅमचा मजकूर कितीही तपासला, तरी त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलरच फितूर असेल तर ट्रोजन मजकुरात कुठेही न दिसता तयार मालात उतरतो. जे स्वतःच्या हाताने पूर्ण घडवलेले नाही त्यावर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. चाळीस वर्षांत तो कोणी खोडलेला नाही.

प्रत्यक्ष लुबाडणूक १९८९ च्या डिसेंबरात सुरू झाली असे म्हणता येईल. एड्सविषयी माहिती देणाऱ्या सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने वेगवेगळ्या देशांत गेल्या. फ्लॉपीवरची प्रश्नावली खरोखर चालत असे. म्हणून कोणाला संशय आला नाही. संगणक ठराविक वेळा, सुमारे ९० वेळा, सुरू झाला की फायलींची नावे उलटसुलट होत आणि पनामातल्या टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा, असा निरोप उमटे. आपल्याकडे त्याच सुमारास, १९९० मध्ये, दर ५ जानेवारीला ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप केल्याशिवाय पुढे न जाणारा बूट व्हायरस फिरत होता. तो ट्रोजन नव्हता आणि हे जोशी कोण, हेही गूढच राहिले. पण भारतातल्या अनेकांना संगणकाच्या रोगांची पहिली ओळख अशा मंडळींमुळेच झाली.

रोग आला तसे वैद्यही आले. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत असत. धाकटे भाऊ संजय संगणक शिकत होते आणि दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांतले व्हायरस काढण्यासाठी लहान प्रोग्रॅम लिहीत होते. त्यातूनच नव्वदच्या दशकात क्विक हील उभे राहिले; फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले.

१९९८ हे वळणाचे वर्ष. नेटबस आणि बॅक ऑरिफिस या दोन प्रोग्रॅमांमुळे दूर बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या संगणकाचा माउस, पडदा आणि फायली हाताळता येऊ लागल्या. पुढे २००७ च्या सुमारास झ्यूस हा ट्रोजन आला आणि बँकेचे पासवर्ड चोरणे हा धंदा झाला. तिथून पुढे हौशी खोडकरपणाचा काळ संपला.

दार कोण उघडते

शिरकावाच्या वाटा पाच-सहाच आहेत, वेष मात्र बदलत राहतात.

सर्वांत जुनी वाट ईमेलला जोडलेल्या फायलीची. बिल, नोटीस, कुरिअरची पावती, निविदा अशा नावाने वर्ड किंवा एक्सेलची फाइल येई, उघडल्यावर ‘एनेबल कंटेंट’ दाबा असे सांगे आणि दाबले की आतला मॅक्रो इंटरनेटवरून खरा ट्रोजन ओढून आणी. जुलै २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. हल्लेखोरांनी थोड्याच दिवसांत झिप, आयएसओ, शॉर्टकट आणि वननोट फायलींचा आधार घेतला. इथे एक साधी खोट विंडोजची आहे. ओळखीच्या फायलींचे शेपूट ते लपवते. त्यामुळे ‘नोटीस.पीडीएफ.ईएक्सई’ नावाची फाइल पाहणाऱ्याला ‘नोटीस.पीडीएफ’ दिसते आणि चिन्हही पीडीएफचे लावलेले असते. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फायलींची पूर्ण नावे दिसतील अशी खूण केली, तर ही फसवणूक बरीचशी उघडी पडते. ही सोय मुळातच चालू का नसावी, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे मिळालेले नाही.

दुसरी वाट क्रॅकची, आणि आपल्या छोट्या दुकानांना खरे तर हीच जास्त भोवते. महागडे डिझाइनचे सॉफ्टवेअर, विंडोज आणि ऑफिस ‘ॲक्टिव्हेट’ करून देणारे प्रोग्रॅम, चाव्या तयार करणारे कीजेन. हे सगळे चालवण्याआधी ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते आणि माणूस ती निमूट पाळतो. पहारेकऱ्याला आपणच सुट्टी दिल्यावर ट्रोजनला लपण्याचेही कारण उरत नाही. शिवाय क्रॅकला अँटिव्हायरस नेहमीच धोका म्हणतो, ‘तसं येतंच’ हा समज दुकानांत इतका पक्का आहे की खरा इशाराही त्यात वाहून जातो.

तिसरी वाट पेन ड्राइव्हची. ड्राइव्ह लावताच आपोआप चालणारी ऑटोरनची सोय मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये जुन्या विंडोजमध्येही बंद केली. तरीही सगळे फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसू लागण्याचा अनुभव टायपिंगच्या दुकानांना नवा नाही. फोल्डर लपवलेले असतात, शॉर्टकटवर क्लिक केले की आधी ट्रोजन चालतो आणि मग फोल्डर उघडतो. काम अडत नाही, म्हणून तक्रार होत नाही आणि तोच ड्राइव्ह पुढच्या दुकानात जातो.

चौथी वाट अलीकडची आणि मला सर्वांत चतुर वाटणारी. संकेतस्थळावर ‘तुम्ही यंत्रमानव नाही ना’ अशी पडताळणी येते. खूण केली की सूचना येते: विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानाने तोवर क्लिपबोर्डवर एक आज्ञा गुपचूप ठेवलेली असते आणि वापरकर्ता ती स्वतःच्या हाताने चालवतो. क्लिकफिक्स नावाने ओळखली जाणारी ही युक्ती २०२४ पासून फोफावली. फाइल उतरवावी लागत नसल्याने ‘अनोळखी फाइल उघडू नका’ हा जुना सल्ला इथे लागूच पडत नाही. अशाच वाटांनी पसरलेल्या लुमा या माहितीचोर ट्रोजनची लागण १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणकांना झाल्याचे मायक्रोसॉफ्टने नोंदवले.

पाचव्या वाटेवर वापरकर्त्याची काहीच चूक नसते: विश्वासू कंपनीच्या अद्ययावतीकरणातूनच विष येते. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम बाहेर पडला, मर्स्क या जहाज कंपनीत घुसला आणि तिच्यामार्फत न्हावा शेवाच्या बंदरातले टर्मिनल ठप्प झाले.

मोबाइलचा विषय वेगळ्या लेखाचा, पण चाल तीच आहे हे सांगायला हवे. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली. ती पत्रिका नसून एपीके फाइल होती, आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले.

आत आल्यावर

पहिले काम ठाण मांडण्याचे. संगणक पुन्हा सुरू झाला तरी आपण चालू राहावे, म्हणून ट्रोजन रजिस्ट्रीच्या ‘रन’ नोंदीत, स्टार्टअप फोल्डरमध्ये, टास्क शेड्युलरमध्ये किंवा एखाद्या सर्व्हिसच्या रूपात आपले नाव लिहितो. काही ट्रोजन विंडोजच्याच चालू प्रक्रियेच्या स्मृतीत शिरतात, त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये अनोळखी असे काहीच दिसत नाही.

दुसरे काम धन्याला कळवण्याचे आणि माल पाठवण्याचे. माहितीचोर ट्रोजन ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड तर नेतोच, पण लॉगिन चालू असल्याची खूण असलेल्या कुकीही नेतो. ती खूण हाती आली की चोराला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. हे सगळे काही मिनिटांत होते. कित्येक माहितीचोर काम संपताच स्वतःला पुसून टाकतात, म्हणजे आठवड्याने तपासणी केली तर संगणक स्वच्छच दिसणार.

सफाईचे दोन पंथ

इथून मतभेद सुरू होतात. एक पंथ म्हणतो, शोधा आणि काढा. दुसरा म्हणतो, सगळे पुसा आणि नव्याने बसवा.

पहिल्या पंथाची रीत साधारण अशी. आधी वायफाय बंद करायचे किंवा नेटवर्कची तार काढायची, म्हणजे माल जाणे थांबते आणि नवा येणेही. मग विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरची ऑफलाइन तपासणी लावायची. ती विंडोज सुरू होण्याआधी चालते, त्यामुळे ट्रोजनला लपायला विंडोजची आड मिळत नाही. पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात. त्यानंतर दुसरे मत घ्यायचे: मालवेअरबाइट्स, किंवा मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर, ज्याची उतरवलेली प्रत दहा दिवसांनी कालबाह्य होते आणि पुन्हा ताजी घ्यावी लागते. जाणकार दुरुस्तीवाला सिसइंटर्नल्सच्या ऑटोरन्समधून संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या यच्चयावत गोष्टी डोळ्यांखालून घालतो, टास्क शेड्युलर पाहतो, ब्राउझरची एक्स्टेन्शन पाहतो. जुन्या रिस्टोअर पॉइंटमध्ये ट्रोजनची प्रत राहू शकते, म्हणून तेही पुसतो.

या पंथाचा युक्तिवाद भावनेचा नाही, खर्चाचा आहे. दुकानातल्या संगणकावर टॅलीचा हिशेब असतो, कृतिदेव आणि श्रीलिपीचे फाँट असतात, जुन्या प्रिंटरचा कुठेच न मिळणारा ड्रायव्हर असतो. ‘विंडो मारून देतो’ म्हणणे सोपे. पण दोन दिवस धंदा बंद आणि अर्धी सॉफ्टवेअर पुन्हा बसतच नाहीत, हे दुकानदाराला सोसावे लागते. बहुतेक ट्रोजन बाजारू माल असतो, त्याच्या खाणाखुणा ठाऊक असतात आणि अँटिव्हायरस तो नीट काढतो, हेही खरेच आहे.

दुसऱ्या पंथाची बाजू मायक्रोसॉफ्टमध्ये सुरक्षेचे काम केलेल्या जेस्पर योहान्सन यांनी २००४ साली रोखठोक मांडली. ज्या संगणकात परका शिरला त्याला विचारून तो स्वच्छ आहे की नाही हे कळणार नाही, कारण उत्तर देणारी यंत्रणाच परक्याच्या हातात होती. अँटिव्हायरस त्याला ओळखता येते तेच काढतो. एका ट्रोजनने आणखी दोन आणून ठेवले असतील आणि त्यातला एक नवा असेल, तर ‘नो थ्रेट्स फाउंड’ हा निरोप फक्त तपासणाऱ्याच्या ज्ञानाची मर्यादा सांगतो. म्हणून कागदपत्रे, छायाचित्रे, हिशेब एवढेच बाहेर काढायचे, कोणतीही चालणारी फाइल घ्यायची नाही, दुसऱ्या स्वच्छ संगणकावर विंडोजचा पेन ड्राइव्ह तयार करायचा आणि डिस्क पूर्ण पुसून नव्याने बसवायचे. विंडोजमधल्या ‘रिसेट’ची सोय याची सौम्य आवृत्ती आहे, ती वापरायची तर ‘माझ्या फायली ठेवा’ हा पर्याय टाळावा आणि विंडोज मायक्रोसॉफ्टकडून ताजे उतरवून घ्यावे, असे या पंथाचे म्हणणे.

यालाही टोक आहे. २०१८ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने लोजॅक्स उघडकीला आणला. तो मदरबोर्डवरच्या यूईएफआय चिपमध्ये बसतो, म्हणजे डिस्क बदलली तरी राहतो. असे प्रकार दुर्मीळ आहेत आणि सामान्य माणसाच्या वाट्याला येण्याची शक्यता नगण्य. थॉम्पसन यांचे म्हणणे मात्र त्यामुळे सैद्धांतिक राहिले नाही.

माझे मत मधले आहे. ज्या संगणकावर बँकेचे, जीएसटीचे, कार्यालयाच्या ईमेलचे लॉगिन होते, तिथे नव्याने बसवावे. जिथे फक्त टायपिंग होते तिथे शोधून काढणे पुरते. दोन्ही पंथांना मान्य असलेली पण दुकानांत हमखास राहून जाणारी गोष्ट वेगळीच आहे: संगणक साफ झाला तरी चोरीला गेलेले पासवर्ड परत येत नाहीत. ते दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून किंवा फोनवरून बदलावे लागतात आणि प्रत्येक खात्यात ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ करावे लागते, नाहीतर चोरलेली कुकी चालतच राहते. लागण झालेल्याच यंत्रावर बसून पासवर्ड बदलणे म्हणजे नवा पासवर्डही देऊन टाकणे.

अँटिव्हायरस विकत घ्यावा का

हा वाद जितका गाजतो तितका मोलाचा नाही. २०१४ मध्ये सिमँटेक या अँटिव्हायरस कंपनीच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने अँटिव्हायरस मेला आहे असे सांगून खळबळ उडवली. २०१७ मध्ये फायरफॉक्सचे माजी अभियंता रॉबर्ट ओ’कॅलहन यांनी मायक्रोसॉफ्टचा सोडून बाकी अँटिव्हायरस काढून टाका, असा सल्ला दिला: खोलवर अधिकार असलेल्या या सॉफ्टवेअरमध्येच भोके असतात, हे त्यांचे कारण. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले, तेव्हा या म्हणण्याला बळ मिळाले. उलट बाजू अशी, की विकतच्या उत्पादनांत पेन ड्राइव्हवर बंधन, बँकेच्या व्यवहारांना वेगळे कवच, आणि मुख्य म्हणजे फोन उचलणारा माणूस मिळतो. तंत्र न जाणणाऱ्याला या शेवटच्या गोष्टीचे मोल आहे. विंडोज अद्ययावत असेल तर घरच्या वापराला डिफेंडर पुरतो. अडचण त्या ‘अद्ययावत’मध्येच आहे: विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि दुकानांतले कित्येक संगणक विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत.

परस्पर साफ करणे

ट्रोजन लागलेला संगणक मालकाच्या नकळत इतरांवरही हल्ले करतो. मग तो साफ करण्याचा अधिकार फक्त मालकाचा का?

जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून एमोटेट या ट्रोजनची यंत्रणा ताब्यात घेतली आणि जर्मन पोलिसांनी तिच्याच वाटेने लागण झालेल्या संगणकांवर एक तुकडा पाठवला. २५ एप्रिलला त्याने एमोटेट काढून टाकला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने जाहीर केले की न्यायालयाच्या परवानगीने ४,२५८ संगणकांतून प्लगएक्स पुसला गेला. पेन ड्राइव्हने पसरणाऱ्या या ट्रोजनला स्वतःला मिटवण्याची आज्ञा मुळातच शिकवलेली होती. ती देण्याचे काम फ्रान्सच्या पोलिसांच्या सहकार्याने झाले. समर्थक म्हणतात, साथीच्या रोगात असेच करावे लागते. विरोधक विचारतात, आज परोपकारासाठी उघडलेले दार उद्या कशासाठी उघडेल? आणि पुसताना एखाद्या इस्पितळाचे यंत्र बंद पडले तर जबाबदार कोण?

भारताने आजवर सौम्य वाट धरली आहे. सर्ट-इन या सरकारी संगणक-सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. लागण झालेल्या आयपी पत्त्यांची माहिती इंटरनेट कंपन्यांमार्फत ग्राहकाला द्यायची आणि क्विक हील, ईस्कॅन, के७ यांची मोफत साधने पुढे ठेवायची. काढायचे की नाही हे ग्राहकावर. जबरदस्ती नाही हे बरे. पण असा निरोप आलाच तर तो फसवणुकीचा समजून खोडून टाकणारे ग्राहकच जास्त असणार, आणि त्यांना दोषही देता येत नाही.

सापडला, पण त्याने केले काय?

या क्षेत्रातला सर्वांत अवघड प्रश्न हा आहे आणि महाराष्ट्राने तो दोनदा अनुभवला.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासची वीज गेली, लोकल थांबल्या. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी संस्थेचा अहवाल आला. भारताच्या वीजक्षेत्रातल्या दहा संस्थांकडे चीनशी जोडलेल्या एका गटाचे लक्ष होते, आणि शॅडोपॅड या ट्रोजनच्या यंत्रणेशी संपर्क दिसतो, असे त्यात होते. मुंबईच्या अंधाराशी त्याचा संबंध आपण सिद्ध केलेला नाही, हेही होते. मार्चमध्ये राज्याच्या सायबर विभागाच्या तपासाचा हवाला देऊन गृहमंत्री अनिल देशमुख आणि ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी वीज मंडळाच्या सर्व्हरमध्ये १४ ट्रोजन आणि परदेशातून आलेला ८ जीबी बेहिशेबी डेटा आढळल्याची शक्यता मांडली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र वीज मानवी चुकीने गेली, सायबर हल्ल्याने नव्हे, असे सांगितले. काही भारप्रेषण केंद्रांवर हल्ले झाले, पण ते वीज चालवणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोचले नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. चीनने आरोप फेटाळला.

अमेरिकी संस्थेचे, राज्याचे आणि केंद्राचे, ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, हे त्या गदारोळात फारसे कोणी बोलले नाही. सर्व्हरमध्ये ट्रोजन असणे, तो कोणी परक्याने ठेवलेला असणे आणि त्याच्यामुळे वीज जाणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीला वेगळा पुरावा लागतो. वर्षभर आधी, २०१९ मध्ये, कुडनकुळम अणुवीज केंद्राबाबत हेच झाले होते. आधी इन्कार, मग ३० ऑक्टोबरला मुंबईतल्या अणुऊर्जा महामंडळाची कबुली: लागण खरी, पण ती कार्यालयीन कामाच्या संगणकाला, अणुभट्टीच्या यंत्रणेला नव्हे.

दुसरे प्रकरण भीमा कोरेगाव खटल्याचे. पुणे पोलिसांनी जप्त केलेल्या, आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमधली पत्रे हा अभियोगाच्या पुराव्याचा एक भाग. फेब्रुवारी २०२१ मध्ये बचाव पक्षाच्या विनंतीवरून तपासणी करणाऱ्या आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने सांगितले, की १३ जून २०१६ ला ईमेलमधून नेटवायर हा ट्रोजन लॅपटॉपमध्ये शिरला, बावीस महिने राहिला आणि पत्रे त्याच्यामार्फत लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हा अहवाल मानला नाही: पुण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेला मालवेअर आढळले नाही आणि अशा दाव्यांची परीक्षा खटल्यातच व्हावी, असे तिचे म्हणणे. ती परीक्षा अजून व्हायची आहे.

जगाला हा पेच नवा नाही. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या एका कायद्याच्या अभ्यासकाच्या संगणकात १९९९ मध्ये बेकायदा चित्रे सापडली, नोकरी गेली. नेटबसमधून ती दुसऱ्याने ठेवली असू शकतात हे मान्य होऊन २००४ मध्ये तो निर्दोष सुटला. दुसरीकडे, ‘ट्रोजनने केले’ हा बचाव कोणीही घेऊ शकतो, ही अभियोग पक्षाची भीतीही रास्तच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत हॅश मूल्य नोंदलेले प्रमाणपत्र लागते. हॅशमुळे जप्तीनंतर फाइल बदलली नाही हे कळते. जप्तीपूर्वी ती कोणी लिहिली, हे त्यातून कळत नाही.

पैसे कोणाचे बुडाले

११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. मालवेअरने उभा केलेला खोटा स्विच एटीएमच्या खऱ्या स्विचऐवजी होकार देत होता आणि २८ देशांतून नकली कार्डांनी पैसे निघत होते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. ते पैसे काढणाऱ्या साखळीतले होते. इथे नुकसान बँकेचे होते, म्हणून ग्राहकाला भांडावे लागले नाही.

ट्रोजन ग्राहकाच्या संगणकात असतो तेव्हा प्रश्न बिकट होतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, आणि सहकारी बँकांसाठी त्याच डिसेंबरातल्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले तर त्याच्यावर भार शून्य. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. ग्राहकाने निष्काळजीपणा केला, उदाहरणार्थ पासवर्ड सांगितला, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. दोष ग्राहकाचा हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. क्लिकफिक्सच्या पानावर तीन कळा दाबणारा निष्काळजी की फसवला गेलेला? क्रॅक बसवणारा? परिपत्रक यावर गप्प आहे, बँका एक म्हणतात, तक्रारदार दुसरे, आणि निकाल प्रकरणागणिक वेगळे पडतात.

आणि इथेच सफाई आणि पुरावा एकमेकांच्या आड येतात. संगणक फॉरमॅट करून आणला की ट्रोजन होता हे दाखवण्याचे साधनही गेले. तेव्हा खात्यातून पैसे गेले असतील तर क्रम असा ठेवावा: आधी तार काढा, मग बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्या, १९३० वर फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर नोंद करा, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला. त्यानंतर दुरुस्तीवाल्याला जुनी डिस्क पुसू न देता काढून बाजूला ठेवायला सांगा आणि नव्या डिस्कवर विंडोज बसवून घ्या. डिस्कचा खर्च होईल. पण तीन दिवसांची मुदत चालू असताना हातात दाखवण्यासारखे काही तरी राहील.